चांगला नायक खुनी होतो, ते प्रेक्षकांना पटेल असं कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न असा: देवळाच्या उत्सवात शेक्सपिअरच्या मॅकबेथवर बेतलेलं नाटक करताय, तालमीत नायक अचानक दुष्ट झाल्यासारखा वाटतो, तर चेटकिणी आणि त्याची बायको लेडी मॅकबेथ जास्त रंगवाव्यात का?

नको, त्याने आणखी बिघडेल. त्या दोघी-तिघींनी त्याला बिघडवलं असं दिसलं की तो नुसता भोळा ठरतो. मॅकबेथ राजा होईल हे चेटकिणींचं भाकीत तर त्याचा सहकारी सेनापती बँकोही ऐकतो, आणि त्याच्या वंशात राजे होतील असं त्यालाही सांगतात. त्यालाही वाईट स्वप्नं पडतात, पण तो हात उचलत नाही. हा फरक प्रेक्षकाला दिसायला हवा, म्हणून बँकोचे संवाद छाटू नका.

उलट चूकही आपल्याकडे सर्रास होते. मॅकबेथ पहिल्याच प्रवेशाला डोळे वटारून, काल्यातल्या संकासुरासारखा शिरतो. मग पुढे घसरायला उरतं काय?

मोह माणसाच्या दोषाला नव्हे, गुणालाच हात घालतो. मॅकबेथचा गुण शौर्य. म्हणून त्याची बायको सिंहासनाचं आमिष दाखवत बसत नाही, ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते. ‘एकच प्याला’तल्या सुधाकरचंही तेच. त्याचा गुण स्वाभिमान. कोर्टात अपमान होऊन सनद जाते आणि तळीरामाचा प्याला नेमका त्या जखमेवर येतो. दारूची चटक नंतरची.

आता पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश घ्या, सगळं नाटक तिथे वळतं. मॅकबेथ एकटा येऊन खून का करू नये याची कारणं मोजतो: राजा डंकन आपला आप्त, आपण त्याचे प्रजाजन, आज तो आपला पाहुणा, शिवाय माणूस म्हणून सज्जन. बाजूने एकच गोष्ट उरते, महत्त्वाकांक्षा. बायको आल्यावर तो चक्क नाही म्हणतो. ती टोचते, भ्याड म्हणते, आणि मग तो विचारतो, ‘आणि फसलं तर?’ इथे थांबा. आतापर्यंत ‘करावं का’ असं चाललं होतं, आता ‘जमेल का’ असं झालं. पडला तो इथे. खंजीर नंतर येतो. नटाने हे वाक्य हळू आवाजात, तिच्याकडे न बघता घ्यावं आणि तिने उत्तराची घाई करू नये. बहुतेक संस्था वेळ वाचवायला हाच प्रवेश कापतात आणि मग बदल अचानक वाटतो म्हणून कुरकुरतात.

पुढच्या खुनांत त्याचं स्वतःशी बोलणं आटत जातं, ते तालमीत मोजून बसवा. डंकनच्या खुनाआधी खंजिराचा भास, नंतर ‘आमेन’ घशात अडकतं, गोंधळात खंजीर हातातच राहतात. मग पहारेकऱ्यांचा खून: तो योजनेत नव्हता, बायकोने सांगितलेला नव्हता, पहिला पूर्णपणे त्याचा स्वतःचा. तो पडद्याआड होतो, पण नंतरची सबब सगळ्यांसमोर देतो. ते भाषण ठेवा. बँकोसाठी मारेकरी लावतो आणि बायकोला पत्ताही लागू देत नाही. विरोधात गेलेला सरदार मॅकडफ, त्याच्या बायकामुलांच्या वेळी विचार आणि हुकूम एका दमात. लेडी मॅकबेथ मात्र उलट्या दिशेने जाते; सुरुवातीला ठाम, शेवटी झोपेत हात धूत फिरते. एकाच वेगाने दोघांना रंगवलंत तर हा उलटा प्रवास हरवेल.

मंडपातली अडचण वेगळी. बाहेर फेरीच्या दुकानांचे दिवे असतात, पूर्ण काळोख होत नाही, तेव्हा ब्लॅकआऊटवर भरवसा ठेवू नका. स्वगतं मधल्या माईकवर घेतलीत की भाषण वाटतात. नटाला विंगेकडे उभा करून आवाज खाली ठेवा, शक्य असल्यास कॉलर माईक द्या. बँकोचं भूत फक्त मॅकबेथला दिसतं, म्हणून रिकामं आसन पुरेसं आहे. पांढरं पातळ घातलेला माणूस आणलात तर पुढच्या रांगेतली पोरं हसणार.

शेवटची लढाई कापू नका, आणि त्यात त्याला घाबरट करू नका. बाईच्या पोटी जन्मलेला कोणी त्याला मारू शकणार नाही असं भाकीत असतं; मॅकडफला आईचं पोट फाडून काढलं होतं हे कळल्यावर तो क्षणभर लढायला नकार देतो, पण शरण जाण्यापेक्षा तलवार उचलतो. शौर्य त्याच्यात अजून आहे, ते कशासाठी वापरायचं तेवढंच संपलंय. नटाला ही गोष्ट शेवटच्या तालमीत नव्हे, वाचनालाच सांगा.