एकच मोबाईल, ३० मुलं

मॅडम, शाळेत टॅब नाहीत म्हणून अडून बसू नका. तुमचा एक मोबाईल पुरतो. प्लिकर्स नावाचं ॲप घ्या. त्याची कार्डं साध्या कागदावर छापून प्रत्येक मुलाला एकेक द्या. तुम्ही प्रश्न विचारायचा; कार्डाच्या चार बाजूंना उत्तराचे चार पर्याय. पटेल तो पर्याय वर येईल असं कार्ड मुलं धरतात. तुम्ही वर्गावरून कॅमेरा फिरवला की कोण कुठे चुकलं ते लगेच दिसतं. प्रत्येकाच्या कार्डावरची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून भागत नाही.

माझ्या पाचवीत एकदा १/३ मोठा की १/४, यावर निम्म्याहून जास्त कार्डं चुकली. मी उत्तर सांगितलंच नाही. "बाजूच्याला पटवून द्या," एवढंच म्हटलं. दोघींनी डब्यातली भाकरी मोडून दाखवली. मग पुन्हा कार्डं वर! एरवी कधीच हात वर न करणारी मुलंही कार्ड मात्र धरतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. त्यातला व्हिडिओ आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, आणि मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" विचारा.

आणि हो, कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही.