गांजामुळे मिळालेला ओटीएच डिस्चार्ज बदलून घेता येतो का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकन आर्मीत गेला, ट्रक चालवायचा, मे २०१९ ते जानेवारी २०२० अफगाणिस्तानात होता. परत आल्यावर झोप उडाली, गांजा ओढायला लागला, युरिन टेस्टमध्ये दोनदा सापडला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये 'अदर दॅन ऑनरेबल' (ओटीएच), म्हणजे सेवा सन्माननीय नव्हती, असा शेरा घेऊन घरी आला. आता गोदामात रात्रपाळी करतो, कॉलेजचा विषय काढू देत नाही. आणि ओळखीतल्या कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की सहा महिन्यांनी हा शेरा आपोआप सुधारतो.

आधी हे शेवटचं. आपोआप काहीही होत नाही. सहा महिन्यांनी नाही, सहा वर्षांनीही नाही. ही अफवा मी नेव्हीत असताना ऐकली होती आणि बाहेर पडताना कागदावर सही करायला लावणाऱ्या माणसाकडूनही ऐकली. तिच्यावर विश्वास ठेवून मी दोन वर्षं वाट बघत बसलो. अर्ज केल्याशिवाय कोणी फाइल उघडत नाही. पण अर्ज करता येतो, त्याला फी नाही, आणि तुमच्या मुलाची मुदत अजून शाबूत आहे.

मी हे स्वतः केलंय, म्हणून सांगतो. २००९ मध्ये मलाही ओटीएच मिळाला होता. जहाजावर शिडीवरून पडलो, पाठ गेली, डॉक्टरने दिलेल्या पेनकिलर संपल्या आणि शेजारच्या बंकवाल्याच्या दोन गोळ्या घेतल्या. पुढच्याच आठवड्यात टेस्ट झाली. २०११ मध्ये मी पहिला अर्ज केला आणि त्यात लिहिलं की नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. ते खरं नव्हतं. अर्ज फेटाळला गेला आणि तो फेटाळायलाच हवा होता. २०१८ मध्ये वॉशिंग्टनला सुनावणीला गेलो तेव्हा पाच अधिकाऱ्यांसमोर सगळ्यात आधी त्या खोट्याबद्दल माफी मागितली आणि मग पाठीचं सांगितलं. माझा शेरा 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स' झाला, म्हणजे पूर्ण ऑनरेबलच्या एक पायरी खाली.

म्हणून तुमच्या मुलासाठी पहिली गोष्ट ही, की 'मी ओढलाच नाही' या वाटेला त्याने जाऊ नये. 'आता न्यू जर्सीत गांजा कायदेशीर आहे' हेही अर्ज तपासणाऱ्या बोर्डाला सांगू नये. राज्याने काहीही केलं तरी सैनिकाला तो तेव्हाही मना होता, आजही आहे. बोर्डाला टेस्ट खरी की खोटी यात फारसा रस नसतो. ते का घडलं आणि त्या एका गोष्टीपलीकडे हा माणूस कोण आहे, हे त्यांना कागदावर दिसलं पाहिजे.

आता कोणापुढे जायचं ते. आर्मीचं डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड आहे, त्याला डीडी २९३ हा फॉर्म लागतो आणि डिस्चार्जच्या तारखेपासून १५ वर्षांची मुदत असते. म्हणजे तुमच्याकडे सप्टेंबर २०३६ पर्यंत वेळ आहे. तिथे नकार आला तर दुसरं बोर्ड आहे, रेकॉर्ड्स दुरुस्त करणारं, त्याचा फॉर्म डीडी १४९. त्याची मुदत चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची, पण न्यायासाठी ती माफ करायचा अधिकार त्यांना आहे. सुरुवात पहिल्यापासूनच करा. तिथे आधी नुसत्या कागदांवर निर्णय मागता येतो, आणि नकार आला तर १५ वर्षांच्या आत समोर उभं राहून बोलायची संधी मिळते. हल्ली व्हिडिओवरही सुनावणी होते. थेट सुनावणीच मागितली तर एक पायरी हातातून जाते, हे ध्यानात ठेवा.

फॉर्म भरण्याआधी मात्र त्याची संपूर्ण फाइल मागवा. घरी जो एक कागद आहे, डीडी २१४, म्हणजे डिस्चार्जचा दाखला, तो पुरेसा नाही. (माझा माझ्या आईने देवघराच्या खणात ठेवला होता, घडी घालून, शेरा लिहिलेला २४ नंबरचा चौकोन आतल्या बाजूला येईल असा.) नॅशनल अर्काइव्हज्‌च्या ई-व्हेट-रेक्स या साइटवरून मागणी करता येते, नाहीतर एसएफ १८० हा फॉर्म पाठवायचा. त्यात स्पष्ट लिहायचं की सेपरेशनची, म्हणजे सेवेतून काढल्याची, पूर्ण फाइल हवी. मेडिकल फाइल वेगळी मागवा.

ती फाइल आली की शांतपणे बसून तीन ठिकाणी बोट ठेवा.

टेस्टच्या कागदावर दोन अक्षरी कोड असतो, टेस्ट कशासाठी घेतली ते सांगणारा. आयआर म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी कोणाचीही घेतलेली, आयू म्हणजे आख्ख्या युनिटची. पण तिथे सीओ असेल, म्हणजे वरिष्ठाला मुलगा ड्यूटीला नीट दिसला नाही म्हणून पाठवलं असेल, किंवा आरओ असेल, म्हणजे व्यसनमुक्तीच्या उपचारात असताना घेतली असेल, तर आर्मीचाच एक नियम तुमच्या बाजूचा आहे. 'लिमिटेड यूज' म्हणतात त्याला. अशा टेस्टचा निकाल माणसाला बाहेर काढताना त्याच्या शेऱ्यासाठी वापरता येत नाही. आणि आर्मीने तो स्वतःहून फाइलमध्ये घातला असेल, तर शेरा ऑनरेबलच द्यावा लागतो. मुलाने स्वतः जाऊन 'मला मदत हवी' असं सांगितलं असेल आणि तेच फाइलमध्ये त्याच्याविरुद्ध आलं असेल, तरी हाच नियम लागू. कित्येक पोरं हा कोड कधी बघतच नाहीत. कृपा करून बघा.

दुसरं म्हणजे तारखा. तो जानेवारी २०२० मध्ये परतला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये काढला गेला, म्हणजे २४ महिन्यांच्या आत. परदेशी मोहिमेवरून आलेल्या सैनिकाने पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर जडणारा मनाचा आजार) किंवा डोक्याच्या दुखापतीचा त्रास सांगितला असेल, किंवा त्याचं निदान झालेलं असेल, तर त्याला ओटीएच देण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी करून तिचा निकाल विचारात घ्यावा, असा कायदा आहे. त्याने तेव्हा झोपेबद्दल कोणाला काही सांगितलं होतं का? एखाद्या चिठ्ठीवर, परतल्यावर भरून घेतात त्या आरोग्याच्या प्रश्नावलीत? तिथे एका ओळीची नोंद असेल आणि पुढे तपासणी झालेली नसेल, तर ती प्रक्रियेतली चूक आहे आणि तो स्वतंत्र मुद्दा होतो. दोन टेस्टमध्ये किती दिवसांचं अंतर होतं तेही बघा. रोज ओढणाऱ्याच्या अंगात गांजा काही आठवडे सापडू शकतो. दुसरी टेस्ट पहिलीनंतर लगेचची असेल तर ती वेगळी चूक होती की तीच, हा रास्त प्रश्न आहे.

तिसरं, नोटिशीचा कागद. ओटीएच द्यायचा विचार असेल तर सैनिकाला काढण्याआधीच एका वेगळ्या बोर्डापुढे बाजू मांडायचा हक्क असतो आणि लष्करी वकिलाशी बोलायचाही. बहुतेक पोरं 'हक्क सोडतो' या चौकोनात खूण करून सही करतात, कारण घरी जायची घाई असते आणि समोरचा सांगतो की नंतर सुधारून मिळेल. मीही केली. सही केली म्हणून सगळं संपत नाही, पण वकिलाशी बोलायची संधी खरंच दिली होती का, हे त्या कागदावरून कळतं.

हे सगळं आर्मीच्या बाजूने झालं असलं आणि चूक कुठेच सापडली नाही, तरी हातपाय गाळू नका. बोर्ड दोन कसोट्या लावतं. प्रक्रिया नियमाने झाली का ही एक, आणि शेरा न्याय्य आहे का ही दुसरी. तुमच्या मुलाची खरी बाजू दुसरीत आहे. २०१४ मध्ये तेव्हाचे संरक्षण मंत्री हेगल यांनी पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांचे अर्ज उदारपणे बघा असे आदेश दिले. ऑगस्ट २०१७ मध्ये संरक्षण खात्याचे अधिकारी कर्टा यांच्या सहीने त्याचा सविस्तर खुलासा आला, आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा. त्यात चार प्रश्न आहेत. चुकीचं गांभीर्य कमी करेल असा आजार किंवा अनुभव होता का? तो नोकरीत असतानाचा होता का? त्यामुळे चूक खरोखर माफ किंवा सौम्य ठरते का? आणि शेऱ्यापेक्षा त्याचं पारडं जड आहे का? त्याच खुलाशात असंही लिहिलंय की मनाच्या आजाराचा त्रास दाबायला माणूस नशा करू शकतो आणि हे लक्षात घ्यावं. जुलै २०१८ मध्ये त्याच खात्यातल्या विल्की यांच्या आदेशाने आणखी एक दार उघडलं. आजार नसला तरी नंतरचं आयुष्य, पश्चात्ताप, चूक हिंसक होती की नव्हती, याचा विचार व्हावा असं त्यात आहे.

मुलाने आपलं स्टेटमेंट या चार प्रश्नांना धरून, त्याच क्रमाने लिहावं. दोन-अडीच पानं पुरे. 'मी तणावात होतो' असं लिहून उपयोग नाही. कुठल्या रस्त्यावर, पुढचा ट्रक किती अंतरावर होता, त्यानंतर पहिली रात्र कधी जागला, पहिल्यांदा ओढल्यावर किती तास झोपला, हे लिहावं. आणि आजाराची तारीख गांजाच्या तारखेच्या आधीची आहे, हे कागदांवरून दिसलं पाहिजे. निदान आज झालं तरी चालतं. नोकरीत असताना निदान झालं नव्हतं म्हणून अर्ज फेटाळायचा नाही, असा त्या आदेशांचा रोख आहे. फक्त मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्रात 'हा त्रास तेव्हाचा आहे आणि नशा त्यातून आली' हे वाक्य स्पष्ट हवं.

आणि ताई, तुम्ही पत्र लिहा. घरच्यांचं सांगणं पुरावा म्हणून धरतात. माझ्या आईने मराठीत लिहिलं होतं, मी इंग्रजी करून घेतलं आणि भाषांतर करणाऱ्याची सही जोडली. त्यात तिने लिहिलं होतं की सुट्टीला आला तेव्हा त्याला वाकता येत नव्हतं, चोवीस वर्षांच्या मुलाच्या बुटाच्या नाड्या मी बांधत होते. सुनावणीत एका बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, हे जहाजावरच्या डॉक्टरला सांगितलं होतंस का? तिथून सुनावणीचा रंग बदलला. मुलगा चांगला आहे, आज्ञाधारक आहे, असं लिहू नका. तुमच्या डोळ्यांनी काय बदललेलं पाहिलं ते लिहा. त्याच्याबरोबर त्या ताफ्यात असलेल्या एक-दोघांचीही पत्रं मिळवा.

एक गोष्ट तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, पण मला तिचीच काळजी जास्त वाटते. तो ग्रीन कार्डावर भरती झाला आणि आर्मीत असतानाच नागरिक झाला. लष्करी सेवेतून मिळालेलं नागरिकत्व, ५ वर्षं सन्माननीय सेवा व्हायच्या आत ओटीएच मिळाला तर, काढून घेता येतं अशी तरतूद कायद्यात आहे. याचा अर्थ उद्या कोणी दार वाजवेल असा नाही. पण फॉर्मवर नशेची कबुली सहीनिशी देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा सगळं दाखवा. इथे जन्मलेल्या मुलांना जे सल्ले मिळतात त्यात हे कधीच नसतं. शेरा जनरल झाला तरी या बाबतीत मोठा फरक पडतो, कारण तो 'ऑनरेबल कंडिशन्स'मध्ये मोडतो.

जनरल मिळाला तर व्हीएचे (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचे) उपचार, अपंगत्वाचा भत्ता, घराचं कर्ज या वाटा मोकळ्या होतात. कॉलेजची फी देणारं जीआय बिल मात्र पूर्ण ऑनरेबलवरच मिळतं. मला ते मिळालं नाही. तुमच्या मुलाने अर्जात ऑनरेबलच मागावा, कमी मागून काही फायदा नाही. दोन टेस्ट आहेत, तेव्हा एका टेस्टवाल्यापेक्षा त्याचं काम अवघड आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण तो मोहिमेवर गेलेला आहे, आणि त्याचं वजन मोठं आहे.

वकिलावर हजारो डॉलर घालवू नका. अमेरिकन लीजन आणि डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी फुकट मदत करतात, काही लॉ कॉलेजांत माजी सैनिकांसाठी क्लिनिक असतात. निकालाला वर्ष-दीड वर्ष लागेल असं धरून चाला.

तोपर्यंत त्याला उपचारांविना ठेवू नका. ओटीएच असला तरी, १०० दिवसांपेक्षा जास्त सेवा आणि युद्धभूमीवरची तैनाती असेल तर व्हीएने मानसिक आरोग्याचे उपचार द्यायचे असतात. काउंटरवर कोणी डीडी २१४ बघून 'तू बसत नाहीस' म्हणालं तर परत फिरू नका, पात्रता ठरवायचा लेखी अर्ज द्या. व्हीए शेऱ्याचा स्वतंत्र विचार करतं आणि २०२४ मध्ये त्यांचे नियम जरा सैल झालेत. तिथे होणारं निदान पुढे बोर्डापुढेही उपयोगी पडेल. आणि एखाद्या रात्री तो फारच खचलेला वाटला तर ९८८ या हेल्पलाइनला फोन लावून १ दाबा, शेरा कोणताही असो.

आज एवढंच करा. तो रात्रपाळीला जाण्याआधी त्याला शेजारी बसवून रेकॉर्ड्सची मागणी भरा, त्यात त्याची सही लागेल. फाइल आली की टेस्टच्या कागदावर ती दोन अक्षरं कोणती आहेत ते मला कळवा. स्टेटमेंट कुठून सुरू करायचं हे त्यावर ठरेल.