वाचकांचे प्रश्न : धाकट्याला कोण सांभाळणार?

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, आणि आमच्याकडे दरवर्षीसारखी पत्रे आली. गरीब घरातल्या मुलांसाठी काही करायचे आहे, पण नेमके काय करावे, असे विचारणारी. त्यांतल्या पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

आमच्या गावाबाहेर दरवर्षी बीडकडच्या टोळ्यांच्या तीसेक कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात. मुले दिवसभर तिथेच असतात. मागच्या वर्षी आम्ही कपडे आणि खाऊ वाटला. यंदा काही टिकाऊ करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक तरुण मंडळ, वाळवा तालुका

एका वहीपासून करा. मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या माणसाच्या, कानावर घाला आणि संध्याकाळी चुली पेटल्या की कोप्यांवर जा. प्रत्येक मुलाचे नाव, अंदाजे वय, मूळ गाव, तिथली शाळा आणि इयत्ता लिहा. शेवटचा एक रकाना अजिबात चुकवू नका : दिवसभर कोण कोणाला सांभाळते?

सगळे तिथेच अडते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा हिशेब जोडीचा, त्यामुळे पहाटे अंधारातच दोघेही फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, जातात. मागे दीड वर्षाचे पोर आणि त्याला कडेवर घेऊन फिरणारी नऊ-दहा वर्षांची बहीण. तिला तुम्ही नवे दप्तर दिलेत तर ती दोन दिवस शाळेत येईल, तिसऱ्या दिवशी दिसणार नाही. धाकट्याची सोय झाल्याशिवाय तिची शाळा सुरू होत नाही.

तीन वर्षांवरच्या मुलाला जवळच्या अंगणवाडीत बसवता येते आणि तिथे गरम आहारही मिळतो. त्याहून लहान मुलांना अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो, पण दिवसभर ठेवून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. त्यांच्यासाठी टोळीतच माणूस शोधा. नातवंडांबरोबर आलेली आजी किंवा नुकतीच बाळंत झालेली, फडावर न जाणारी एखादी बाई बहुतेक टोळ्यांत असते. तिला रोजचे ठरवून पैसे द्या. मंडळाची वर्गणी लावायची खरी जागा ही. एका बाईकडे तीन वर्षांखालची पाच-सहाच मुले द्यावीत, जास्त नकोत. तिला दोन चटया, झोळीला मजबूत दोर, तोटीचा वीस लिटरचा पाण्याचा पिंप आणि दुपारच्या खिचडीचा शिधा द्या. कोपीची जागा चुलीपासून आणि ट्रॅक्टरच्या वाटेपासून दूरची निवडा. पाण्यात घालायचे क्लोरीनचे द्रावण आरोग्य उपकेंद्रात मागा आणि त्याचे प्रमाण तिथल्या ताईंकडूनच समजून घ्या.

आता शाळा. मूल गाव सोडते तेव्हा मूळ शाळेने त्याला ‘शिक्षण हमी पत्रक’ द्यायचे असते. ते दाखवले की इथल्या शाळेत मुलाला बसवून घेतात. मूळ शाळेतले नाव तसेच राहते आणि परत जाताना इथली शाळा प्रगतीची नोंद करून देते. बहुतेक पालकांजवळ हे पत्रक नसते. मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा आणि पत्रकाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. वहीत शाळेचे नाव लिहून घेतले ते याचसाठी. पत्रक मिळालेच नाही तरी प्रवेश अडत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला (कलम ५), वयाचा पुरावा नाही (कलम १४) किंवा मूल वर्षाच्या मधेच आले (कलम १५), यांपैकी कोणत्याही कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मात्र कलमे तोंडावर फेकत जाऊ नका. एकाच मुलाचे नाव दोन शाळांत ऑनलाइन दिसेल, ही मुख्याध्यापकांची काळजी खरी असते. त्यावर केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) सोबत घेऊन बोला.

पहिले पंधरा दिवस मंडळातल्या कोणीतरी सकाळी कोप्यांवरून मुले शाळेत न्यावीत आणि संध्याकाळी परत सोडावीत. नवी शाळा, अनोळखी पोरे आणि वाटेतला डांबरी रस्ता एवढ्या कारणांनीही मुले गळतात. बंजारा तांड्यावरची मुले घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. त्यांच्या शेजारी त्यांची भाषा जाणणारे मोठे मूल बसवायला गुरुजींना सांगा.

टोळी परतायला लागली की पालकांशी पुढच्या वर्षाचे बोला. मूळ गावात हंगामी वसतिगृह (मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची शाळेतली सोय) असेल तर मूल आजी-आजोबांकडे राहून तिथल्याच शाळेत शिकू शकते. ते ठरते मात्र टोळी निघण्याआधी. पालकांनी सप्टेंबरातच मुख्याध्यापकांकडे नाव द्यायला हवे.

आमच्या बचत गटातर्फे वीटभट्टीवरच्या मुलांना रोज बिस्किटे देतो. तरी काही मुले फार बारीक दिसतात. आणखी काय द्यावे?
— कोल्हापूर जिल्ह्यातील एक बचत गट

बिस्किटे बंद करा. मैदा आणि साखरेने भूक मरते आणि मूल भाकरी खात नाही. आधी कोणते मूल कितपत अशक्त आहे ते बघा. नुसत्या नजरेने ते कळत नाही. अंगणवाडीताईंकडे दंडघेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात सैल सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळतात. कातडी दाबली जाऊ नये आणि फटही राहू नये. १२.५ सेंटिमीटरच्या वर ठीक, ११.५ ते १२.५ मध्यम कुपोषण, ११.५ च्या खाली तीव्र. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे. असे मूल गुटगुटीतही दिसू शकते, पण त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे.

तीव्र कुपोषित मूल आजारी असेल किंवा खातच नसेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात. मुक्काम साधारण चौदा दिवसांचा असतो. बऱ्याच आया चौथ्या-पाचव्या दिवशी मुलाला घेऊन निघून येतात आणि मग त्यांना निष्काळजी म्हटले जाते. खरे तर भट्टीवर दुसरे मूल एकटे असते आणि विटा पाडायचा हिशेब जोडीचा असतो. गटातल्या दोघींनी ते दुसरे मूल चौदा दिवस सांभाळले, तर तुमच्या वर्षभराच्या बिस्किटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते. ती मागायला तिला सांगा आणि बँकेचे पासबुक सोबत द्या.

बाकीच्या मुलांना रोज एक उकडलेले अंडे द्या. अंडे चालत नसेल तर शेंगदाणा-गुळाची वडी द्या, पण लहान मुलांना अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. दोन वर्षांखालच्यांसाठी मोडाचे पीठ करून ठेवा. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड दिवस मोड येऊ द्या, सावलीत कडकडीत वाळवा, अगदी मंद आचेवर जेमतेम भाजा आणि दळा. जास्त भाजले की मोडातले पाचक द्रव्य मरते आणि सगळी मेहनत वाया जाते. घट्ट शिजवलेली लापशी आचेवरून उतरवून जरा कोमट झाली की वाटीला एक चमचा हे पीठ घालून ढवळा. बघता बघता ती पातळ होते. मग पुन्हा दोन मिनिटे उकळा. पाणी घालून पातळ केलेल्या लापशीने पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. मोडाच्या पिठाने पातळ केलेल्या लापशीत धान्य तेवढेच राहते आणि मूल सहज गिळते. वरून चमचाभर तेल घाला, त्याने सुमारे ४० उष्मांक वाढतात.

सोसायटीशेजारी मोठे बांधकाम चालू आहे. मजुरांच्या मुलांसाठी रविवारचा वर्ग काढावा का?
— पुण्यातील एक गृहसंस्था

रविवारचा वर्ग काढाच असे आम्ही म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा शिकलेले पुढच्या रविवारपर्यंत उरत नाही. त्याऐवजी सोसायटीची खोली रोज संध्याकाळी दीड तास उघडी ठेवा. मुलांचे गट वयाप्रमाणे न करता वाचनाप्रमाणे करा : अक्षरे, शब्द, परिच्छेद. पाचवीतले मूल अक्षरांच्या गटात बसले तर बसू द्या. वर्गात दोन मोठी माणसे कायम हवीत, एकटे कोणीही नको. मुलांचे फोटो काढून सोसायटीच्या गटावर टाकू नका.

त्याबरोबर दोन कामे करा. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्याप्रमाणे पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली देणे बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे, तेव्हा आता मुलांची सोय काय केली आहे ते विचारायचे. बिल्डरला लेखी विचारा. दुसरे काम आईवडिलांच्या नोंदणीचे, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढे लागते. नोंदणी झाली की दोन मुलांपर्यंत शिष्यवृत्ती मिळते. पहिली ते सातवीला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,००० रुपये. हजेरीचीही अट असते. अडचण येते ती ९० दिवसांच्या दाखल्याची. ठेकेदार सही करत नाही, मग दलाल पैसे घेऊन दाखले ‘काढून’ देतात आणि तपासणीत असे अर्ज बाद होतात. ठेकेदाराकडे मजुराला एकट्याला पाठवू नका, सोसायटीचा सचिव सोबत जाऊ दे.

घरकामाला येणाऱ्या ताईंचे यजमान वारले. दोन मुले शाळेत आहेत. फी मी भरू का?
— नाशिक

या वर्षाची भरा. पण सोबत बालसंगोपन योजनेचा अर्जही करा. आई हयात असली तरी एक पालक गमावलेल्या मुलांना तो करता येतो. या योजनेत प्रत्येक मुलाला दरमहा २,२५० रुपये थेट बँकखात्यात येतात, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा. गृहभेट होते आणि बालकल्याण समितीच्या आदेशाने मंजुरी मिळते. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, पासबुक, घरासमोर आईसोबतचा मुलांचा फोटो, हे जमवून ठेवा. आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरे, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. म्हणून आधी नावे ताडून बघा. हप्ते कधी कधी उशिरा पडतात, तेव्हा महिन्याची फी त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

कचेऱ्यांच्या सात-आठ खेपा होतील. प्रत्येक खेपेला ताईंचे चार-पाच घरांचे काम बुडेल. तुम्ही त्या दिवसांचा पगार कापू नका आणि इमारतीतल्या बाकीच्या घरांनाही तसे सांगा. अर्ज अर्ध्यात सुटतात ते बहुतेक याच कारणाने.

मी न्यू जर्सीत राहतो. गावाकडच्या एका संस्थेला मुलांसाठी पैसे पाठवायचे आहेत. थेट पाठवू का?

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेमार्फत पाठवा. तुमची देणगी विदेशी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरी, ती विदेशी देणगी ठरते. तेव्हा संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच जायला हवेत. नातेवाइकाच्या खात्यातून फिरवून पाठवू नका. त्याने संस्थाच अडचणीत येते. देणगीवर ‘फक्त वह्या-दप्तरांसाठी’ अशी अटही घालू नका. संस्थेला मुले सांभाळणाऱ्या बाईचा पगार भागवायचा असतो, आणि त्यासाठी देणगीदार सहसा मिळत नाहीत.