मान सरळ झालीय म्हणजे डिस्क गेली का?

प्रश्न: डॉक्टर, वय ३८, दिवसभर कॉम्प्युटरवर काम असतं. मान दुखते म्हणून एक्स-रे काढला, रिपोर्टमध्ये लिहिलंय की मानेचा नॉर्मल बाक गेलाय आणि सी५-सी६ ची डिस्क (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी) झिजलीय. बसायच्या सवयीमुळेच झालं का हे?

उत्तर: आधी घाबरणं सोडा. मानेत ७ मणके असतात आणि त्यांचा पुढच्या बाजूला हलकासा बाक असतो, डोक्याचं साधारण ५ किलो वजन त्यावरच तोललं जातं. मान तासन् तास खाली घातली की बाक सपाट होतो, भार डिस्कच्या पुढच्या भागावर जातो आणि मागचे स्नायू सतत ताणलेले राहतात. पण उलटंही होतं बरं का, दुखण्याने स्नायू आखडले की त्यामुळेच एक्स-रेमध्ये मान सरळ दिसते, आणि काहीही त्रास नसलेल्या कित्येक लोकांची मानही अशीच असते! त्यामुळे सगळा दोष बसण्याला देता येत नाही, वय आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा असतो. सी५-सी६ ला हालचाल जास्त, म्हणून झीज बहुतेक तिथेच आधी दिसते.

स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा, अर्ध्या तासाने उठा, मानेचे-खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. मानेचा पट्टा मात्र मनाने महिनोन् महिने लावू नका, स्नायू कमजोर होतात. आणि शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली, हातातली ताकद कमी झाली, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर थांबू नका, लगेच दाखवा.