स्लॅलमसाठी जुनी स्की बोट: आधी पाणी ठरवा, मग बोट

नंतर कोणी वाचलं तर कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो. ठाण्यात राहता, पोरं मस्कतला असताना दोन स्कीवर शिकलीत, आता मोठीला एका स्कीवर स्लॅलम (बोटीमागे डावी-उजवीकडे कापत जाणं) करायचंय, धाकटा अजून दोनवरच आहे, वहिनींना पाण्यात उतरायचं नाही पण बसायला नीट जागा पाहिजे. समोर दोन बोटी आहेत, त्यातली कुठली घ्यावी. एक १९८९ ची स्की नॉटिक २००१ (२००१ हे मॉडेलचं नाव, साल नव्हे), गल्फमधून आलेली, अलिबागजवळ शेडमधे उभी, मालक १४ लाख सांगतोय. दुसरी साडेअठरा फुटी स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत मागच्या टोकाला, प्रॉपेलरचा पाय बाहेर), पुढे बसायची जागा, पांढऱ्या गाद्या, म्युझिक सिस्टिम, १९ लाख, आणि ब्रोकर म्हणतोय की सर हिच्यावर स्कीइंग वगैरे सगळं होतं.

होतं की, सगळं होतं, ट्यूब ओढा, बनाना ओढा, दोन स्कीवरचा माणूस ओढा. स्लॅलम ओढायला गेलात की फरक कळतो. पण बोटीचं नंतर, आधी मला हे सांगा की चालवणार कुठे, कारण तुमच्या अख्ख्या प्रश्नात पाण्याबद्दल एक ओळ नाही आणि निम्मं उत्तर तिथेच आहे.

मुंबई हार्बरमधे स्लॅलम होतं, नाही असं नाही, पण घड्याळ आणि भरतीचं टेबल दोन्ही हातात धरून. पहाटे मतलई वारे असतात तेव्हा किनाऱ्याच्या आडोशाला पाणी बऱ्यापैकी सपाट मिळतं, अकरा-बारानंतर खारे वारे सुरू झाले की संपलं, वरून मांडव्याच्या लाँचेस आणि रो-रोच्या लाटा. उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, ओहोटीला रॅम्पच्या पुढे नुसता चिखल, तेव्हा भांगाचे (भरती-ओहोटी कमी असते ते) दिवस बघून जायचं. खाडीत शिरलात तर डोलीच्या (मासे धरायच्या) जाळ्यांचे खुंट, त्यांची जागा कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पोरीला दोरीवर सोडायचं नाही. जून ते ऑगस्ट विसराच.

दुसरा पर्याय गोडं पाणी. बीएमसीच्या तलावांचा विचार सोडून द्या, विहार, तुळशी, तानसा हे पिण्याचं पाणी आहे, तिथे पेट्रोलचं इंजिन कोणी उतरवू देणार नाही. पवईला जलपर्णी आणि मगरी दोन्ही आहेत, पोरीला पडू नये म्हणून एवढी प्रेरणा नको. म्हणजे उरली घाटाकडची धरणं आणि तिथे जलसंपदा खात्याची किंवा ज्याची मालकी असेल त्याची लेखी परवानगी, गावातल्या कोणीतरी "या हो, काही होत नाही" म्हणणं ही परवानगी नव्हे. शिवाय धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं. पवनेत तर वाघेश्वराचं अख्खं देऊळ बाहेर येतं, म्हणजे डिसेंबरात ज्याच्यावरून तुम्ही मजेत गेलात ते मे महिन्यात प्रॉपेलरला लागतं. कोर्स टाकायचा असेल तर स्लॅलमचा कोर्स २५९ मीटरचा, सहा बॉय (तरंगत्या खुणा), मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर बाजूला, पण दोन्ही टोकांना वेग धरायला आणि वळायला जागा लागते, तेव्हा सातशे-एक मीटर मोकळं सरळ पाणी हवंच. आणि पाणी उतरेल तशी अँकरची दोरी ढिली होऊन बॉय भरकटतात, म्हणून गुंडाळून नेता येतो असा तरंगता कोर्स बरा.

हे एवढं आधी का लिहिलं तर खारं पाणी. जुन्या स्की बोटी गोड्या तळ्यांसाठी बनलेल्या. बाहेरचं पाणी थेट इंजिनच्या ब्लॉकमधून फिरवून थंड करायचं आणि एक्झॉस्टमधून बाहेर फेकायचं. ते पाणी हार्बरचं असेल तर मॅनिफोल्ड आणि रायझर (एक्झॉस्ट बाहेर नेणारे लोखंडी भाग) चार-पाच वर्षांत आतून खाऊन जातात, आणि रायझर गळला की पाणी सिलिंडरमधे, मग इंजिनच गेलं. बाहेरून पेंट छान असतो हां, जॉइंटपाशी गंजाचा ओघळ दिसतो तेवढाच. हीट एक्स्चेंजर बसवून ब्लॉकमधे कूलंट फिरवता येतं, पण तो वेगळा खर्च आणि वेगळं काम. रोज फेरी झाली की दहा मिनिटं नळाच्या पाण्याने इंजिन फ्लश करायची शिस्त तुमच्याकडे असेल असं धरतो, ज्याला बोट दिली त्या पोऱ्याकडे असेलच असं नाही. आणि आपल्या हार्बरची खासियत म्हणजे प्लास्टिकची पिशवी, इनटेकला चिकटली की पाणी बंद, टेंपरेचर वर, पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर मिनिटभरात जळून तुकडे. तेव्हा टेंपरेचरच्या काट्यावर नजर, आणि दोन इंपेलर कायम बोटीत.

आता स्लॅलमसाठी मधे इंजिनवाली डायरेक्ट ड्राइव्हच (इंजिनपासून शाफ्ट सरळ प्रॉपेलरला) का म्हणतात ते, नॉटिक त्यातलीच. स्कीयर सरळ मागे बसून येत नाही, तो डावीकडून उजवीकडे कापत जातो आणि प्रत्येक वेळी बोटीला बाजूला खेचतो. डायरेक्ट ड्राइव्हमधे दोरीचा खांब इंजिनच्या पेटीच्या पुढ्यात, जवळजवळ बोटीच्या मध्यावर असतो आणि बुडाखाली फिन असतात, त्यामुळे खेच आली तरी बोट रेषा सोडत नाही. स्टर्नड्राइव्हमधे दोरी मागच्या कडीला, इंजिनचं वजन पण सगळं मागे, बुड खोल व्ही. दमदार माणूस कापायला लागला की शेपटी इकडेतिकडे आणि चालवणारा स्टिअरिंगशी कुस्ती खेळतो. आणि मागे वेकचा, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेचा, डोंगर. ब्रोकर दोरी बांधायला टॉवर लावून देतो म्हणेल, नको म्हणा, तो उंच टॉवर वेकबोर्डसाठी ठीक, स्लॅलमची खेच तेवढ्या उंचीवर दिली की बोट कलते.

इथे एक गोष्ट जी घेणारे हमखास विसरतात. वेक बघायची ती तुमच्या वेगाला. स्पर्धेतले पुरुष ५८ किमीने जातात, बायका ५५ ने, तिथे चांगल्या स्की बोटीचा वेक मऊ आणि बसका असतो. तुमची पोरगी सुरुवातीला पस्तीस-चाळीसने जाणार, आणि वेग कमी तसा वेक मोठा. म्हणजे सगळ्यात कठीण वेक शिकणाऱ्याच्या वाट्याला येतो. तेव्हा ट्रायलला मालकाने फुल थ्रॉटल मारून दाखवलं तर छान म्हणा आणि मग ४० वर धरायला सांगा, घरचे सगळे आत बसवून, टाकी भरून, १८.२५ मीटरच्या दोरीच्या टोकाला पाणी कसं आहे ते बघा. मग दोरी १६ मीटर करून बघा, बऱ्याच बोटींचा उंचवटा नेमका तिथे येतो. एकाच बाजूला दोघं बसले तरी एका अंगाचा वेक टणक होतो, हे पण तिथेच दिसेल.

आता नॉटिककडे. मॉडेल उत्तम, स्लॅलमवाल्यांत ह्या हलला (बोटीच्या सांगाड्याला) अजून मान आहे, पण ८९ ची म्हणजे आतले स्ट्रिंगर लाकडाचे. स्ट्रिंगर म्हणजे बुडात लांबीने जाणाऱ्या तुळया, ज्यांच्यावर इंजिन बसतं. कंपनीने लाकूड काढलं ते ९३ च्या आसपास, त्याआधीच्या सगळ्यांना हा प्रश्न लागू. तासांचं मीटर किती दाखवतंय ह्याच्यापेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं, इंजिन बदलता येतं. एका ओळखीच्यासाठी अशीच एक जुनी बोट बघायला गेलो होतो, पॉलिश केलेली, आरशासारखी चमक, मालकाने नारळ पण आणून ठेवलेला. इंजिन माउंटचा (इंजिन तुळईवर बसवणाऱ्या बैठकीचा) स्क्रू पान्याने जरा घट्ट करून बघितला तर तो घट्ट होईचना, नुसता गोल गोल. बाहेर ओढला तर आट्यांमधे काळा ओला भुसा अडकलेला आणि भोकातून तसंच काळं पाणी सावकाश वर आलं, कुजक्या पानांचा वास. नारळ तसाच राहिला. तेव्हा मालकाची परवानगी घेऊन सगळ्या माउंटचे स्क्रू तपासा, नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. बाकी बिल्ज (फळ्यांखालचा तळ) उघडून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगल्या ठिकाणी टणक आवाज येतो, कुजलेल्या ठिकाणी बद्द. फळ्यांवर उड्या मारा, विशेषतः खांबाच्या बुडाशी आणि मागच्या सीटखाली.

आणि वजन करा. मनापासून सांगतो, ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि कोणी करत नाही. फळ्यांखाली फोम असतो, तो वर्षानुवर्षं पाणी पीत राहतो आणि ते पाणी कुठेच जात नाही. ह्या वर्गातल्या बोटी कोरड्या हजार-बाराशे किलोच्या. वडखळच्या बाजूला ट्रकचे वजनकाटे आहेत, ट्रेलरसकट एकदा आणि नुसता ट्रेलर एकदा, वजाबाकी करा, टाकीतल्या पेट्रोलचे लिटरला पाऊण किलो धरून वजा करा, कॅटलॉगमधल्या आकड्याशी ताडून बघा. दीडशे-दोनशे किलो जास्त भरली तर ते तुमच्या पोरीच्या वेकमधे येणार, शिवाय फोम ओला म्हणजे लाकूड पण बहुधा ओलं.

इंजिन त्यात फोर्ड ३५१, म्हणजे ५.८ लिटरचं व्ही-एट. थंड असताना सुरू करायला सांगा, पोचल्यावर आधी हात लावून बघा, कोमट असेल तर आधीच चालवून ठेवलंय. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, घरी या. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत पाहिजे. प्रॉपेलरच्या शाफ्टच्या पॅकिंगमधून चालताना थेंब थेंब पाणी येतं ते बिघाड नाही, धार नको. अंदाजे ३००० आरपीएमला पायाखाली थरथर लागली तर प्रॉपेलरचं पातं वाकलेलं किंवा इंजिन आणि शाफ्टची अलाइनमेंट गेलेली, पहिलं स्वस्त, दुसरं वेळखाऊ.

पार्टचं मात्र ऐका. काही जुन्या स्की बोटींत इंजिन उलटं फिरतं, त्यामुळे स्टार्टर वगैरे मागवताना दिशा बघूनच. आणि फोर्डचाच आहे ना, गाडीचा बसेल, ऑपेरा हाऊसला मिळतो असं मेकॅनिक म्हणेल, मापाने बसेलही, पण गाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर बोटीत लावायचा नाही. इंजिनच्या पेटीत पेट्रोलची वाफ साठते, मरीन स्टार्टरची ठिणगी आत बंद असते, गाडीच्याची नसते. गाडीत वाफ खालून उडून जाते, बोटीत तिला जायला जागाच नाही. म्हणून सुरू करायच्या आधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चार-पाच मिनिटं, पाहुणे कितीही घाई करोत. तेच पेट्रोलचं, आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं) मिळतं, ८९ च्या बोटीतले रबरी पाइप आणि कार्बोरेटरच्या सीली त्यासाठी बनलेल्या नाहीत, सगळे पाइप बदलायचा खर्च आधीच धरा, आणि पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि खाली वेगळा थर बसतो. पितं किती तर स्कीइंग करताना तासाला पंधरा-वीस लिटर, दीड-दोन हजार रुपये झाले.

कागदांत पहिलं बिल ऑफ एंट्री मागा, कस्टम्सची ड्यूटी भरल्याचा तोच पुरावा, बाहेरून आलेली जुनी बोट आणि तो कागद नाही तर फुकट दिली तरी नको. मग महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचं रजिस्ट्रेशन, सर्व्हे, इन्शुरन्स, तुमच्या नावावर कसं होणार ते. २०२४ च्या डिसेंबरात नीलकमल लाँचचा अपघात झाल्यापासून लाइफ जॅकेट, कागद ह्या बाबतीत कडक झालेत आणि ते बरोबरच आहे. चालवायचं शिकायला गोव्याच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्सचा पॉवरबोटचा कोर्स करा, दोघांनी करा, कारण एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने फक्त मागे स्कीयरकडे बघत बसायचं, हे काम मोबाइलवाल्या पाहुण्याला द्यायचं नाही.

वहिनींसाठी खरं सांगायचं तर नॉटिक ही आरामाची बोट नाही. पुढचा भाग बंद, मधे इंजिनची गरम पेटी, छप्पर वेगळं लावावं लागेल. पुढे मोकळी जागा असलेल्या डायरेक्ट ड्राइव्ह पण असतात, मास्टरक्राफ्टच्या, मालिबूच्या, घाई नसेल तर तशी शोधा. आणि कुठलीही घ्या, इंजिन चालू असताना मागच्या फळीवर पोरांना बसू देऊ नका, एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड तिथेच येतो आणि वास येत नाही.

माझं मत विचाराल तर स्टर्नड्राइव्ह धरण, हार्बर दोन्हीकडे नको, १९ लाखात तुम्ही गाद्या घेताय. धरणाची परवानगी कागदावर मिळत असेल आणि स्ट्रिंगर धड असतील तर नॉटिक, पण १४ ला नाही. हार्बरमधेच चालवणार असाल तर दोन्ही सोडा आणि सतरा-अठरा फुटी हलकी फायबर बोट, मधे खांब लावलेली, ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन), यामाहा किंवा सुझुकी, बघा. वेक थोडा जास्त येईल, बोट थोडी खेचली जाईल, पण पोरीच्या वेगाला चालून जातं, इंजिन खाऱ्या पाण्यासाठीच बनलंय, मेकॅनिक इथलाच मिळतो, आणि उद्या विकायची म्हटलं तर घेणारा मिळतो. तिने कधी ५५ चा वेग धरला आणि अजून कठीण करायला दोरीची लांबी कमी करायला लागली तर तेव्हा परत विचारा.

अलिबागला जाणारच असाल तर वजनकाट्याच्या पावतीचा आणि माउंटखालच्या स्ट्रिंगरचा फोटो इथे टाका, टॉर्च मारून, जवळून. किंमत किती पाडायची ते त्यावर बोलू.