'रिव्हल्शन' म्हणजे तिरस्कार नव्हे, शिसारी

इंग्रजीतल्या 'रिव्हल्शन'ला (revulsion) शब्दकोशात तिरस्कार, घृणा, किळस असे तीन-चार अर्थ दिलेत, त्यातला नेमका कुठला घ्यायचा आणि 'आय हॅव रिव्हल्शन फॉर माय बॉस' हे वाक्य बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सगळ्यात जवळचा शब्द शिसारी. तिरस्कार तर मी यादीतून काढूनच टाकेन.

झाकण उघडावं आणि आत अळ्या वळवळताना दिसाव्यात, तेव्हा काय होतं बघा. विचार करायच्या आधीच मान मागे जाते, नाक आक्रसतं, वरचा ओठ उचलला जातो, पोटात ढवळतं. हे मागे सरणंच या शब्दाचं मूळ आहे. लॅटिनमध्ये 'रे' म्हणजे मागे आणि 'वेलेरे' म्हणजे ओढणं, उपटणं. जुन्या युरोपीय वैद्यकात तर हा चक्क उपचाराचा शब्द होता: शरीराच्या एका भागातला विकार दुसरीकडे ओढून घ्यायचा, त्यासाठी कातडीवर मुद्दाम फोड आणायचे, त्याला रिव्हल्शन म्हणत. किळसेचा अर्थ पुढे रुळला, पण ती ओढ शब्दात राहिली.

तिरस्कार वर्षानुवर्षं मनात धरून ठेवता येतो. शिसारी तशी धरून ठेवता येत नाही, ती येते. म्हणून साहेबांबद्दलचं तुमचं वाक्य खटकतं. त्यांचा मनापासून तिटकारा असेल तर 'आय लोद माय बॉस' म्हणा. (इथे शेवटचा उच्चार 'द'कडे झुकणारा, स्पेलिंगच्या शेवटी e लिहायचा: loathe. तो e गेला की loath हा शब्द 'अनिच्छुक' या अर्थाचा होतो, आणि ही गल्लत फार होते.) त्यांनी कुणाला सगळ्यांदेखत अपमानित केलं आणि ते बघून तुमच्या अंगावर काटा आला, तर मात्र 'आय फेल्ट रिव्हल्शन अॅट हिज क्रूएल्टी' अगदी चपखल बसतं. म्हणजे कारण घाणच असायला हवं असं नाही; छळ, कत्तल, क्रौर्य यांबद्दल हा शब्द सर्रास येतो.

क्रियापद बहुधा 'फील', पुढे 'अॅट'. समाज एखाद्या गोष्टीविरुद्ध उसळला तर 'अगेन्स्ट'. विशेषण हवं असेल तर 'रिव्हल्सिव्ह'च्या वाटेला जाऊ नका, 'रिव्होल्टिंग' किंवा 'रिपल्सिव्ह' वापरा. आणि एखादा पदार्थ नुसता आवडत नसेल तर 'डोन्ट लाइक' पुरे.