दोन ॲप्सचा आवाज एकत्र रेकॉर्ड करताना

मेनस्टेज आणि एबलटन ही दोन संगीत वाजवायची ॲप्स एकाच ट्रॅकवर घेऊ नकोस, नंतर पेटीचा आवाज नीट वेगळा काढता येत नाही. मॅकवर ब्लॅकहोल टाक, म्हणजे एका ॲपचा आवाज दुसऱ्यात नेणारं सॉफ्टवेअर, 16 चॅनलवालं, फुकट आहे. मेनस्टेज त्याच्या चॅनल 1-2 वर सोड, एबलटन 3-4 वर. रेकॉर्डिंगच्या ॲपला, म्हणजे रीपरला, इनपुट ब्लॅकहोल, आउटपुट तुझा ऑडिओ इंटरफेस (स्पीकर जोडलेला डबा). दोन स्टिरिओ ट्रॅक आर्म कर (रेकॉर्डिंगला तयार ठेव), मॉनिटरिंग चालू ठेव, नाहीतर स्पीकरमधून काहीच येणार नाही.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात तो आकडा) सगळीकडे 48000! गंगापूर रोडच्या गणपतीत माझं एक ॲप 44100 वर राहिलं होतं. आरतीभर तडतड, लोकांना वाटलं फटाके. आणि लिंक ही एबलटनची ॲप्सचा टेम्पो जुळवायची सोय, आवाज नेण्यासाठी तिच्यावर विसंबू नकोस. आधी घरी दहा मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐक.